सुरेखाहरण : न पाहिलेल्या चित्रपटाविषयी

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या मंचावरून केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडा आवरता घेऊन)



व्याख्यानासाठी मंडळ दरवर्षी बाहेरून कोणीतरी विद्वान बोलावतं. यंदा ठरलेल्या प्राध्यापकांना ऐनवेळी ताप आला आणि कार्यकारिणीने माझ्याकडे बोट दाखवलं. मी डिप्लोमावाला माणूस. चोवीस वर्षं रुळांवर काढली. साहित्य, संस्कृती यांवर बोलण्याचा माझा अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण एका विषयाने गेली चार-पाच वर्षं माझ्या डोक्यात घर केलं आहे, त्यावर बोलतो. विषय आहे एक चित्रपट. तो मी पाहिलेला नाही. इथे बसलेल्या कोणीही पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही, कारण तो आज उपलब्धच नाही.

चित्रपटाचं नाव ‘सुरेखाहरण’. साल १९२१. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने काढलेला मूकपट, दिग्दर्शक बाबूराव पेंटर.

माझ्या आजीचं माहेर कोल्हापूरचं. तिच्या वडिलांनी हा चित्रपट पाहिला होता आणि त्याची गोष्ट ते घरी पोरांना सांगत. तीच आजीने आम्हाला सांगितली. ती सांगायला बसली की शेवटी पदराने डोळे पुसायची, आणि ते हसून हसून आलेलं पाणी असे.

गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगतो. बलरामाची मुलगी सुरेखा. कोणी तिला वत्सला म्हणतात, तेलुगूत ती शशिरेखा होते. सुभद्रेचा मुलगा अभिमन्यू. लहानपणापासून दोघांचं जमलेलं, घरातल्यांनीही शब्द दिलेला. मामाची मुलगी म्हणजे आपल्याकडे हक्काची. (आपल्या ऑफिसातले उत्तरेकडचे सहकारी यावर कानांवर हात ठेवतील, पण त्याला इलाज नाही.) मग पांडव द्यूतात हरले, वनात गेले. मुलाकडचे कंगाल झाल्यावर मुलीकडच्यांचं जे होतं तेच झालं. बलरामाने, किंवा त्याच्या बायकोने, दुर्योधनाचा मुलगा लक्ष्मण याच्याशी सोयरीक ठरवली. सुभद्रा आणि अभिमन्यू रानात गेले, तिथे घटोत्कच भेटला. हिडिंबेचा मुलगा, म्हणजे अभिमन्यूचा थोरला चुलतभाऊ. त्याने सुरेखेला पलंगासकट उचलून आणलं आणि स्वतः सुरेखा होऊन लग्नघरी जाऊन बसला.

आता कल्पना करा. बोहल्यावर शालू नेसलेली, मान खाली घातलेली नवरी, आणि आत सहा हात उंच राक्षस. वऱ्हाडासाठी केलेलं सगळं जेवण तो एकटा फस्त करतो. आजी सांगायची तो प्रसंग पाणिग्रहणाचा. नवरदेवाने लाजत लाजत नवरीचा हात धरला आणि नवरीने तो असा काही दाबला की त्याची किंकाळी मंडपाबाहेर गेली. इथे आजी माझा हात धरून दाबून दाखवायची. ही किंकाळी मूकपटात ऐकू कशी आली, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, “तोंड एवढं मोठं उघडलं की ऐकू येतंच.”

हा प्रसंग त्या चित्रपटात खरोखर होता, की पणजोबांनी कीर्तन-तमाशात पाहिलेलं त्यात मिसळलं, हे मला सांगता येणार नाही. चित्रपट असता तर पाच मिनिटांत कळलं असतं.

या गोष्टीची एक गंमत मला फार आवडते. ‘संगीत सौभद्र’ आपल्या मंडळाने केलेलं आहे, त्यामुळे ते सगळ्यांना माहीत आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं नाटक, १८८२ सालचं. त्यात सुभद्रेचं मन अर्जुनावर आणि बलरामदादांनी तिला दुर्योधनाला द्यायचं ठरवलेलं. कृष्ण मागच्या दाराने सूत्रं हलवतो आणि लग्न अर्जुनाशी लागतं. त्या लग्नातून झालेला मुलगा म्हणजे अभिमन्यू. पुढच्या पिढीत पुन्हा तेच बलरामदादा, पुन्हा तोच दुर्योधनाचा आग्रह, पुन्हा कृष्णाचं गालातल्या गालात हसणं. एकदा तोंडघशी पडूनही दादा काही शिकले नाहीत. आपल्यापैकी ज्यांनी मुलामुलींची लग्नं जमवली आहेत त्यांना हे नवीन नाही.

सुरेखेची ही गोष्ट व्यासांच्या महाभारतात नाही, लोकांनी मागून जोडलेली आहे. इथे छत्तीसगडमध्ये हे समजावून सांगायची गरज नाही. पंडवानी ऐकणाऱ्यांना माहीत आहे की तंबुरा हातात घेऊन तीजनबाई उभ्या राहिल्या की भीम इथल्याच कुठल्या तरी गावचा होतो. लोकांना महाभारतात एक हसवणारी प्रेमकथा हवी होती, त्यांनी ती करून घेतली.

आता हा चित्रपट काढणारी माणसं पाहा. बाबूराव पेंटर, मूळ आडनाव मेस्त्री, जन्म १८९०. ते आणि त्यांचे आतेभाऊ-मामेभाऊ नात्यातले आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला आणि या दोघांनी सिनेमा काढायचं मनावर घेतलं. परदेशी कॅमेरा घ्यायला पैसे नाहीत, तर आपणच करू म्हणाले. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून काम पुरं केलं आणि १९१८ च्या सुमारास देशी कॅमेरा उभा राहिला. कोल्हापुरातला कॅमेरा. आपल्यातल्या वर्कशॉपवाल्यांनी यावर क्षणभर विचार करावा. फिल्म एका सेकंदाला सोळा वेळा पुढे सरकवायची, प्रत्येक वेळी क्षणभर अगदी स्थिर उभी करायची, तेवढ्यातच प्रकाश आत घ्यायचा, आणि हे सगळं हाताने फिरवायच्या दांड्यावर. ड्रॉइंग नाही, सुटे भाग नाहीत. केसभर फरक पडला तर पडद्यावर चित्र थरथरणार. मी स्वतः साधी फिशप्लेट बसवताना गेज दोनदा तपासतो, त्यामुळे मला या माणसांपुढे हात जोडावेसे वाटतात.

त्यांचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’, १९२० सालचा. तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं असं सांगतात. त्यात स्त्रियांची कामं स्त्रियांनीच केली, ही त्या काळात सोपी गोष्ट नव्हती. पुढच्या वर्षी आलं ‘सुरेखाहरण’.

आणि त्यात एका वीस वर्षांच्या पोराला पडद्यावर पहिलं काम मिळालं. शांताराम राजाराम वणकुद्रे. पुढचे व्ही. शांताराम. आता रेल्वेवाल्यांनी कान टवकारावेत. हा मुलगा त्याआधी हुबळीला रेल्वेच्या दुरुस्ती कारखान्यात रोज आठ आण्यांवर काम करत होता. संध्याकाळी तिथल्याच एका पत्र्याच्या शेडमधल्या सिनेमागृहात दारावर उभा राहायचा, म्हणजे फुकट चित्रपट बघायला मिळे. तिथून तो कोल्हापूरला बाबूरावांच्या कंपनीत आला आणि पडेल ते काम करू लागला. म्हणजे ‘डॉ. कोटणीस’ आणि ‘दो आँखें बारह हाथ’ काढणारा माणूस मुळात आपल्या खात्यातला. पुढच्या वर्षी स्मरणिकेत त्यांचा फोटो ‘आमचे सहकारी’ या सदरात छापायला हरकत नाही.

तर बाबूराव पेंटर दिग्दर्शक, शांताराम पडद्यावर पहिल्यांदाच, गोष्ट मराठी माणसाच्या जिव्हाळ्याची. या गोष्टीवरचा हा पहिला चित्रपट. बाबूरावांनीच १९२५ साली ‘मायाबाजार’ काढला. मग बोलपट आले, आणि १९५७ साली के. व्ही. रेड्डींचा तेलुगू ‘मायाबाजार’ आला. आपल्या आंध्रातल्या सहकाऱ्यांपुढे नुसतं नाव घ्या. डीआरएम ऑफिसात एक तेलुगू साहेब आहेत, एरवी तोंडातून शब्द काढत नाहीत. मी घटोत्कचाचा विषय काढला तर खुर्चीतून उठून एस. व्ही. रंगाराव लाडूंची ताटं कशी चट करतात ते करून दाखवलं. त्यांना मी म्हटलं, साहेब, ही गोष्ट पडद्यावर सगळ्यात आधी आमच्या कोल्हापुरात आली. ते म्हणाले, दाखवा. आता दाखवू काय?

म्हणून मी शोधायला लागलो की चित्रपट जातात कुठे.

एक तर ती फिल्म. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. दिसायला सुंदर, पण स्वभावाने सुरुंगाच्या दारूची बहीण. एकदा पेटली की पाण्यातही जळते, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्यातूनच निघतो. पेटली नाही तर सडते. आधी चिकट होते, मग थर एकमेकांना धरतात, शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. आपला हवापाण्याचा प्रदेश त्याला मदतच करतो. दुसरं, फिल्मवर चांदी असते. चित्र दिसतं ते चांदीच्या कणांमुळेच. मार्च १९३१ मध्ये ‘आलमआरा’ आला, १९३२ मध्ये मराठीत ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला, आणि मूकपटाला काडीची किंमत उरली नाही. डबे जागा अडवतात, भाडं चढतं, आगीची धास्ती वेगळीच. मग फिल्म धुऊन चांदी काढायची आणि उरलेलं भंगारात. हे सगळीकडे झालं. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएसच्या फिल्मा पहिल्या महायुद्धात वितळवून सैनिकांच्या बुटांच्या टाचा केल्या. अमेरिकेत मूक काळात १०,९१९ मोठे चित्रपट निघाले, त्यांपैकी मूळ रूपात पूर्ण उरलेले फक्त १४ टक्के, असा तिथल्या काँग्रेस ग्रंथालयाचा २०१३ सालचा अहवाल आहे. आपल्याकडे तेराशेच्या वर मूकपट निघाले. उरलेले, पूर्ण आणि तुकडे मिळून, तीसच्या आसपास.

तिसरं कारण मला माझ्या नोकरीमुळे दिसतं. त्या तेराशे चित्रपटांचं रजिस्टर कोणाकडे नव्हतं. माझ्या सेक्शनमध्ये कुठल्या किलोमीटरला कुठला रूळ कधी टाकला, हे मी झोपेतून उठवलं तरी दाखवू शकतो, कारण ते लिहिलेलं आहे आणि रोज एक की-मन हातात हातोडा घेऊन ते पायाखालून घालतो. चित्रपटाच्या प्रती मात्र पार्सलने या गावाहून त्या गावाला जात राहिल्या, झिजल्या, तुटल्या, कोणीतरी दोन फूट कापून पुन्हा चिकटवल्या. शेवटची प्रत कुठल्या गावी थांबली याची नोंद ठेवणं हे कोणाच्याच ड्यूटीत नव्हतं.

ही ड्यूटी स्वतःहून अंगावर घेणारा माणूस पुष्कळ उशिरा आला. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघालं, तोवर मूकपट संपून तीस वर्षं झाली होती. तिथल्या पी. के. नायर साहेबांनी नाशिकला फाळके कुटुंबाकडून मिळालेले तुकडे जोडून १९१९ चा ‘कालिया मर्दन’ उभा केला. त्यात फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. पेंटरांच्या १९२७ च्या ‘मुरलीवाला’चाही काही भाग राहिला आहे. ‘सुरेखाहरण’ राहिलं नाही. आणि राहिलेलंही कायमचं राहतं असं नाही. बाबूरावांना कॅमेरा करून देणारे दामले, तसेच शांताराम, फत्तेलाल हे बाबूरावांकडून बाहेर पडून १९२९ साली ‘प्रभात’ काढते झाले, आणि १९३३ साली पुण्याला गेले. त्याच प्रभातच्या आवारातल्या गोदामात संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मा ठेवल्या होत्या. ८ जानेवारी २००३ रोजी त्याला आग लागली. शेकडो चित्रपटांची मूळ रिळं गेली. ज्यांच्या प्रती आधी दुसऱ्या फिल्मवर काढल्या होत्या, ते वाचले.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. ती सांगायची नव्हती, पण तिच्याशिवाय मी या विषयात का पडलो हे कळणार नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न १९९९ साली झालं. व्हिडिओ शूटिंगवाला होता, तेव्हा ती मोठी गोष्ट. हळदीच्या आदल्या रात्री लाईट गेले होते, ते आले तेव्हा त्याने कॅमेरा तपासायला म्हणून सुरू केला. समोर आजी पोरांना घेऊन बसली होती आणि सुरेखाहरण सांगत होती. त्याने बंद केला नाही. वीसेक मिनिटं. पूर्ण गोष्ट, हात दाबण्यासकट, किंकाळीसकट. आम्ही ती कॅसेट एक-दोनदा पाहिली, हसलो, ठेवून दिली. आजी २००८ साली गेली. कॅसेट माझ्याकडे होती. माझ्या बदल्यांबरोबर तीही फिरली, आणि रायपूरला आल्यावर मी तिला बाथरूमवरच्या माळ्यावर टाकलं. मीच टाकलं. दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही.

२०१९ च्या पावसाळ्यानंतर माळा रिकामा करताना ती सापडली. खिडकीतून आत पाहिलं तर टेपच्या कडेला पांढरी बुरशी. मला कळायला हवं होतं की अशी टेप चालवायची नसते, आधी साफ करावी लागते. मी एका ओळखीच्याचा जुना व्हीसीआर आणला आणि सरळ आत घातली. अकरा मिनिटं वरातीचं चित्र आलं, नंतर खरखर, नंतर मशीनने टेप खाल्ली. आजीचा भाग आतच गुंडाळला गेला. ज्याला दाखवली त्याने ओढून काढताना तिचे तीन तुकडे झाले. ते तुकडे मी अजून ठेवले आहेत. कशाला ते विचारू नका.

बहिणीला मी हे दोन वर्षं सांगितलं नव्हतं. ती दर दिवाळीला विचारायची, कॅसेट कॉम्प्युटरवर घेतलीस का रे. मी म्हणायचो, बघतो.

तेव्हापासून मी हे काम शिकलो. डिप्लोमा थोडा उपयोगी पडला. जुना व्हीसीआर विकत घेऊन दुरुस्त केला. कॅसेट उघडून हाताने टेप उलट गुंडाळायची, मऊ कोरड्या कापडाने पुसत पुसत, घाई न करता. बुरशीवाली असेल तर तोंडाला फडकं बांधून, घराबाहेर. मग छोट्या यूएसबीच्या डबीतून कॉम्प्युटरवर. एका तासाच्या कॅसेटला एक पूर्ण रविवार जातो. सौभाग्यवतींचं यावरचं मत मी मंचावरून सांगणार नाही.

गेल्या मे महिन्यात सचिवांच्या परवानगीने मंडळाचं लोखंडी कपाट उघडलं. खालच्या खणात तेवीस कॅसेट निघाल्या. १९९३ पासून २००५ पर्यंतचे गणेशोत्सव, मुलांचे कार्यक्रम, दोन नाटकं. आठ पूर्णपणे गेल्या आहेत. सहा चालतात, पण चित्र तुटतं. नऊ चांगल्या निघाल्या, त्या नऊ मी उतरवून तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. एक प्रत मंडळात, एक माझ्याकडे, एक पुण्याला बहिणीकडे. त्या वेळी मी तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ फोनवर काही बोलली नाही. मग म्हणाली, “किंकाळी कशी होती, करून दाखव.” मी ऑफिसात होतो. तरी करून दाखवली.

आता कामाचं. उद्या आरतीनंतर इथेच पडदा लावतो आहे. आधी ‘कालिया मर्दन’, पाऊण तासाच्या आसपास आहे, मुलांना पुढे बसवा. मंदाकिनीचे चेहऱ्यावरचे हावभाव बघण्यासारखे आहेत. मूकपट आहे, म्हणून पेटी-तबल्याला आपलीच मंडळी बसणार आहेत, जसं तेव्हा बसत. त्यानंतर आपलं ‘सौभद्र’, १९९७ सालचं. अर्जुन, सुभद्रा, कृष्ण ओळखू येतात, दोघे तर समोर बसले आहेत. पण बलरामाच्या तोंडावर मंडपातला हॅलोजन पडल्यामुळे चेहरा नुसता पांढरा दिसतो. आवाज स्वच्छ आहे. काम इतकं झकास केलं आहे की मी रविवारचा चहा विसरलो. कार्यक्रमपत्रिका सापडली नाही, आणि मी पाच जणांना विचारलं तर पाच वेगवेगळी नावं आली. बाहेर टेबलावर रजिस्टर ठेवलं आहे. उद्या ज्यांना आवाज ओळखता येईल त्यांनी त्यात नाव लिहावं. घरी, माळ्यावर, पलंगाखाली कॅसेट असतील तर त्याही घेऊन या. व्हीसीआरमध्ये घालून पाहू नका, तशाच आणा.